दरपत्रकं पूर्ण झाली आणि मंजुरीचं कुलूप निघालं: खरेदी वर्कफ्लोतल्या एका गार्ड लिसनरचं प्रकरण

भांडारपालाने स्वतः केलेली ६८,५०० रुपयांची मागणी स्वतःच मंजूर केली. कुणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता, डेटाबेसला कुणी परस्पर हात लावला नव्हता. त्याच्या स्क्रीनवर ‘मंजुरी’ हे बटण दिसलं, त्याने ते दाबलं आणि मागणीपत्र ‘मंजूर’ स्थितीत गेलं. मंजुरी फक्त लेखाधिकाऱ्याने द्यायची हा नियम कोडमध्ये होता, चालू होता, आणि त्या वेळीही त्याने बरोबर ‘नाही’ असंच सांगितलं होतं. ते ‘नाही’ त्याच्या पुढच्या लिसनरने, म्हणजे ठरावीक घटना घडली की आपोआप चालणाऱ्या कोडच्या तुकड्याने, पुसून टाकलं.

प्रकरण मांडणीसाठी रचलेलं आहे, संस्था काल्पनिक आहे. पण सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचा वर्कफ्लो घटक (कागद एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत कधी जाईल हे सांभाळणारा) इथे जसा वागतो तसाच तो प्रत्यक्षात वागतो. हा घटक ३.२ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०१६ पासून फ्रेमवर्कसोबत येतो. खालचं वर्णन ६.४ आवृत्ती, ट्विग (पानं दाखवणारा), डॉक्ट्रिन (डेटाबेसशी बोलणारा) आणि मेसेंजर (कामं रांगेत लावणारा) यांच्या जोडीचं आहे. दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नावं बदलतील, पण प्रश्न तोच राहील: कोणता लिसनर कधी चालतो, आणि त्या क्षणी त्याला काय करण्याचा हक्क आहे?

मागणीपत्राचा प्रवास

स्थिती सात: मसुदा, विभागप्रमुखांकडे, लेखा विभागाकडे, मंजूर, आदेश दिला, बंद, नाकारलं. ट्रान्झिशनची, म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत नेणाऱ्या पावलांची, नावंही सात. ‘सादर’ मसुद्यातून विभागप्रमुखांकडे नेतं, ‘शिफारस’ तिथून लेखा विभागाकडे, ‘मंजुरी’ लेखा विभागाकडून मंजूरमध्ये. मग ‘आदेश’ आणि शेवटी ‘बंद’. याशिवाय ‘परत’ आणि ‘नकार’ ही दोन ट्रान्झिशन विभागप्रमुखांकडूनही होतात आणि लेखा विभागाकडूनही.

या शेवटच्या दोनांपाशी पहिलाच खड्डा आहे. कॉन्फिगरेशनमध्ये वर्कफ्लोचा प्रकार दोनांपैकी एक निवडावा लागतो: ‘वर्कफ्लो’ किंवा ‘स्टेट मशीन’. ‘वर्कफ्लो’ प्रकार कार्ल अ‍ॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून पुढे आलेल्या पेट्री जाळ्यांवर बेतलेला आहे. त्यात एक वस्तू एकाच वेळी अनेक जागी असू शकते, त्यामुळे ‘कुठून’ या रकान्यात दोन जागा लिहिल्या तर त्याचा अर्थ ‘दोन्ही जागी असेल तरच’ असा होतो. ‘स्टेट मशीन’मध्ये वस्तू एका वेळी एकाच जागी असते, आणि दोन जागा लिहिल्या की एकाच नावाची दोन वेगळी ट्रान्झिशन तयार होतात. चुकून ‘वर्कफ्लो’ निवडला तर ‘परत’ आणि ‘नकार’ कधीच उपलब्ध होणार नाहीत. त्रुटीचा संदेश येणार नाही, बटणंच दिसणार नाहीत. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या मागणीपत्राला स्टेट मशीनच योग्य, आणि इथे तेच होतं. नावं सात, पण प्रत्यक्षात ट्रान्झिशन नऊ.

मंजुरीचे नियम दोन. एक, मंजुरी देणाऱ्याकडे लेखाधिकाऱ्याची भूमिका हवी. दोन, ५०,००० रुपयांपर्यंत एक दरपत्रक पुरे, त्यावर तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता हवा. दोन्ही नियम वेगवेगळ्या गार्ड लिसनरमध्ये (ट्रान्झिशन अडवायचं का हे सांगणारे लिसनर), वेगवेगळ्या फाइलींत. ही विभागणी चांगलीच आहे. घोटाळा दुसरीकडे होता.

घटनांचा क्रम

एखादं ट्रान्झिशन लागू करताना घटक ठरलेल्या क्रमाने सात प्रकारच्या इव्हेंट, म्हणजे लिसनरांना जागं करणाऱ्या सूचना, सोडतो: गार्ड, लीव्ह, ट्रान्झिशन, एंटर, एंटर्ड, कम्प्लीटेड, अनाउन्स. गार्डच्या आधी तो एक साधी गोष्ट तपासतो: वस्तू त्या ट्रान्झिशनच्या सुरुवातीच्या जागी आहे का? नसेल तर गार्डला विचारतच नाही. ‘एंटर’ आणि ‘एंटर्ड’ यांत कानामात्रेइतकाच फरक दिसतो, पण वस्तूची स्थिती त्या दोघांच्या मध्ये बदलते. ‘एंटर’ चालू असताना मागणीपत्र अजून ‘लेखा विभागाकडे’ असतं आणि ‘एंटर्ड’ येतं तेव्हा ‘मंजूर’ झालेलं असतं. अर्थात पीएचपीच्या मेमरीत. डेटाबेसमध्ये यातलं काहीच गेलेलं नसतं. ते काम फ्लशचं, म्हणजे डॉक्ट्रिनला बदल डेटाबेसमध्ये लिहायला सांगण्याचं, आणि फ्लश तुम्ही करायचा असतो.

त्यामुळे लीव्ह, ट्रान्झिशन किंवा एंटर यांच्या लिसनरमधून एक्सेप्शन (काम तिथेच तोडणारी त्रुटी) फेकलं तर स्थिती बदलत नाही. एंटर्डपासून पुढे फेकलं तर वस्तूची स्थिती बदलून गेलेली असते, आणि त्याच रिक्वेस्टमध्ये पुढे कुणी फ्लश केला तर ती डेटाबेसमध्येही उतरते.

प्रत्येक इव्हेंट तीन नावांनी सोडली जाते. गार्डचंच पाहू. आधी ‘वर्कफ्लो.गार्ड’, मग ‘वर्कफ्लो.खरेदी.गार्ड’, शेवटी ‘वर्कफ्लो.खरेदी.गार्ड.मंजुरी’. म्हणजे सगळ्या वर्कफ्लोंसाठी, मग या एका वर्कफ्लोसाठी, मग या एका ट्रान्झिशनसाठी. तिन्ही वेळा इव्हेंटची वस्तू मात्र तीच असते. आधीच्याने त्यात जे लिहिलं ते पुढच्याला मिळतं, आणि पुढच्याला ते पुसताही येतं.

मेख कुठे होती

भूमिकेचा लिसनर मधल्या नावावर होता, म्हणजे ‘वर्कफ्लो.खरेदी.गार्ड’वर, कारण प्रत्येक ट्रान्झिशनला कुठली ना कुठली भूमिका लागतेच. दरपत्रकांचा लिसनर शेवटच्या नावावर, फक्त मंजुरीसाठी. त्या दुसऱ्या लिसनरची मुख्य ओळ मराठीत लिहायची तर अशी:

इव्हेंट → सेटब्लॉक्ड( दरपत्रकांची संख्या < लागणारी संख्या )

वाचायला सुटसुटीत. दरपत्रकं कमी असली तर अडवा, नसली तर अडवू नका. कोड तपासताना या ओळीवर कुणाचंही बोट थांबणार नाही, आणि ती घातक आहे ती त्यामुळेच.

सेटब्लॉक्डला ‘खरं’ दिलं तर तो ब्लॉकरांच्या, म्हणजे नोंदवलेल्या अडथळ्यांच्या, यादीत एक ब्लॉकर वाढवतो. ‘खोटं’ दिलं तर मात्र तो गप्प बसत नाही. अख्खी यादी रिकामी करतो, आणि त्यात आधीच्या लिसनरांनी घातलेले ब्लॉकरही जातात.

आता भांडारपालाची रिक्वेस्ट पुन्हा पावलापावलाने पाहा. मागणीपत्र लेखा विभागाकडे आहे, त्यामुळे जागेची तपासणी पार झाली. ‘वर्कफ्लो.गार्ड’वर कुणी नाही. ‘वर्कफ्लो.खरेदी.गार्ड’वर भूमिकेचा लिसनर चालला, भांडारपाल लेखाधिकारी नाही हे त्याने पाहिलं, ब्लॉकर घातला. यादीत एक. ‘वर्कफ्लो.खरेदी.गार्ड.मंजुरी’वर दरपत्रकांचा लिसनर चालला. लागणारी तीन, आहेत तीन, तीन तीनपेक्षा कमी नाहीत, म्हणून ‘खोटं’. यादी साफ, शून्य. ट्रान्झिशनला वाट मोकळी.

कागदपत्रं अपुरी असताना सगळे बरोबर अडत होते. कागदपत्रं पूर्ण झाली की ज्याला ते पान उघडता येतं त्या प्रत्येकाला मंजुरीचं बटण दिसत होतं. बटण दाखवायचं की नाही हे ट्विगमध्ये वर्कफ्लोलाच विचारून ठरत होतं, ही योग्य पद्धत आहे. पण त्यामुळे चूक एकाच वेळी बटणातही उतरली आणि कृतीतही.

भूमिकेची अट लिसनरऐवजी कॉन्फिगरेशनच्या ‘गार्ड’ या ओळीत एक्स्प्रेशन म्हणून लिहिली असती तर? तरी सुटका नव्हती. ते एक्स्प्रेशन तपासणारा अंगभूत लिसनर शेवटच्याच, म्हणजे ट्रान्झिशनच्या नावावर बसतो. मग तिथे तुमचा लिसनर आधी की तो आधी, हे प्रायॉरिटीवर, आणि ती समान असेल तर नोंदणीच्या क्रमावर ठरतं. एका फाइलचं नाव बदललं, क्रम बदलला, की काल अडणारी मंजुरी आज सुटेल. असा दोष सापडायला फार जड जातो.

चाचण्या हिरव्या का होत्या

या लिसनरसाठी तीन चाचण्या होत्या. चुकीची भूमिका आणि अपुरी दरपत्रकं: अडलं. योग्य भूमिका आणि अपुरी दरपत्रकं: अडलं. योग्य भूमिका आणि पूर्ण दरपत्रकं: गेलं. तिन्ही हिरव्या, आणि तिन्ही खऱ्या. दोन अटी म्हणजे चार शक्यता. चौथा चौकोन, चुकीची भूमिका पण पूर्ण दरपत्रकं, कुणी भरला नव्हता. भांडारपाल नेमका त्याच चौकोनात उभा होता.

शिवाय प्रत्येक लिसनरची सुटी युनिट चाचणी घेतली तर हा दोष दिसूच शकत नाही, कारण सुटं पाहिलं तर दोन्ही लिसनर बरोबर आहेत. वर्कफ्लोची सर्व्हिस खऱ्या कंटेनरमधून घ्यायची, खरा इव्हेंट डिस्पॅचर लावायचा आणि भूमिका गुणिले ट्रान्झिशन गुणिले कागदपत्रांची अवस्था असा पूर्ण तक्ता डेटा प्रोव्हायडरमधून चालवायचा. चार भूमिका, नऊ ट्रान्झिशन, दोन अवस्था म्हणजे ७२ ओळी. ब्राउझर लागत नाही, त्यामुळे सगळा तक्ता झटपट चालतो. प्रत्येक ओळीत नुसतं ‘अडलं’ एवढंच न पाहता कोणत्या कोडचा ब्लॉकर आला तेही पाहावं. नाहीतर भलत्याच कारणाने अडलेलं ट्रान्झिशन बरोबर कारणाने अडल्यासारखं दिसतं.

दुरुस्ती

गार्डचं काम नाही म्हणण्याचं. ‘हो’ म्हणण्याचा हक्क कुठल्याच गार्डला नाही. ‘हो’ म्हणजे सगळ्यांपैकी कुणीच ‘नाही’ न म्हणणं. त्यामुळे दुरुस्त लिसनरमध्ये सेटब्लॉक्ड राहिलाच नाही. अट पूर्ण असेल तर पहिल्याच ओळीत परत फिरायचं, नसेल तर अ‍ॅडट्रान्झिशनब्लॉकरने एक ब्लॉकर घालायचा. ब्लॉकरला तीन गोष्टी देता येतात: संदेश, कोड आणि पॅरामीटर. संदेश ‘तीन दरपत्रकं हवीत, दोनच जोडली आहेत’ असा, आकड्यांसह. कोड कायमचा ठरवलेला, कारण चाचण्या आणि स्क्रीन दोन्ही त्यावर अवलंबून राहतात. संदेशाची भाषा उद्या बदलेल, कोड बदलू नये.

सेटब्लॉक्डचा असा वापर पुन्हा शिरू नये म्हणून स्थिर विश्लेषणात त्यावर बंदी घालणं हाच पक्का उपाय. नुसतं ‘लक्षात ठेवा’ म्हणून भागत नाही, कारण ती ओळ दिसायला इतकी सरळ आहे की नवीन माणूस ती पुन्हा लिहीलच.

स्टॉपप्रोपगेशनवरही, म्हणजे इव्हेंट पुढच्या लिसनरांपर्यंत जाऊ न देणाऱ्या कॉलवरही, तीच बंदी हवी. इव्हेंटची वस्तू तिन्ही नावांना एकच असल्याने पहिल्या नावावर कुणी प्रसार थांबवला तर पुढच्या दोन नावांचे लिसनरही चालत नाहीत. न अडवता थांबवलं तर बाकीचे सगळे गार्ड झोपून राहतात.

या निमित्ताने तिसरा नियमही लिहिला गेला, जो सगळ्यांनी गृहीत धरला होता पण कोडमध्ये कुठेच नव्हता: मागणी करणारा आणि मंजुरी देणारा एकच नसावा. लेखाधिकारी स्वतःच्या टेबलासाठी कपाट मागवतो तेव्हा त्याच्याकडे भूमिका असते, दरपत्रकं असतात, तरीही मंजुरी दुसऱ्याने द्यायला हवी. तो वेगळा लिसनर, वेगळा ब्लॉकर, वेगळा कोड. हीच अट डेटाबेसमध्येही चेक कन्स्ट्रेंट म्हणून घालून ठेवावी. मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती पाहून घ्या. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट वाचतात आणि सोडून देतात, पाळत नाहीत.

लिसनर नोंदवण्यासाठी ६.४ मध्ये अ‍ॅट्रिब्यूट आले आहेत. अ‍ॅझगार्डलिसनरला वर्कफ्लोचं आणि ट्रान्झिशनचं नाव दिलं की इव्हेंटचं लांबलचक नाव हाताने लिहावं लागत नाही. पण ट्रान्झिशनच्या नावातच टंकलेखनाची चूक झाली तर? अप्लाय करताना, म्हणजे ट्रान्झिशन लागू करताना, चुकीचं नाव दिलं की घटक लगेच एक्सेप्शन फेकतो. लिसनर नोंदवताना चुकीचं नाव दिलं तर कुणी काही बोलत नाही. तो लिसनर कधीच चालत नाही, दार उघडं राहतं. म्हणून नाव दोन्हीकडे एकाच कॉन्स्टंटमधून घ्यावं, आणि नवीन गार्ड लिहिल्यावर डीबग:इव्हेंट-डिस्पॅचर ही कमांड इव्हेंटच्या पूर्ण नावासह एकदा चालवून तो यादीत आला का, कोणत्या प्रायॉरिटीने आला, हे डोळ्यांनी पाहावं.

एका मंजुरीच्या सात नोंदी

चौकशीत इतिहासाचं टेबल उघडलं तेव्हा एकेका मंजुरीपाठी सात-सात ओळी दिसल्या. त्या गोंधळात भांडारपालाची ओळ शोधणंच अवघड होतं. कारण असं: ‘कोणी काय प्रयत्न केला’ याची नोंद गार्ड लिसनरमध्ये केली जात होती, तीही वर्कफ्लोच्या मधल्या नावावर.

हिशोब जुळतो का पाहू. पान उघडलं, ट्विगने उपलब्ध ट्रान्झिशनची यादी मागितली. लेखा विभागाच्या जागेवरून परत, नकार आणि मंजुरी ही तीनच निघतात, म्हणजे गार्ड तीनदा. बटण दाबल्यावर कंट्रोलरने (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडने) आधी ‘करता येईल का’ विचारलं, चार. मग अप्लायने स्वतः पुन्हा विचारलं, पाच. ट्रान्झिशन पूर्ण झाल्यावर अनाउन्सच्या वेळी घटक आता काय काय शक्य आहे ते तपासतो. ‘आदेश’ शक्य, सहा. रिडायरेक्ट होऊन नवं पान उघडलं, ट्विगने पुन्हा यादी मागितली, ‘आदेश’, सात.

गार्ड कितीदा चालेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून त्यात नोंद नको, ईमेल नको, मोजणी नको. वाचावं आणि निर्णय द्यावा. वाचणंही स्वस्त ठेवावं: ५० मागणीपत्रांच्या यादीत प्रत्येक ओळीला बटणं दाखवली आणि दरपत्रकं मोजायला गार्डने दरवेळी क्वेरी केली, तर एका पानासाठी ५० जादा क्वेऱ्या होतात. यादीत फक्त स्थिती दाखवावी, बटणं आतल्या पानावर.

कंट्रोलरमधला ‘करता येईल का’ हा प्रश्नही काढून टाकता येतो. थेट अप्लाय करायचं आणि नॉटएनेबल्डट्रान्झिशनएक्सेप्शन पकडायचं. त्या एक्सेप्शनमध्येच ब्लॉकरांची यादी असते, ती तशीच स्क्रीनवर दाखवायची. अनाउन्सचा काही उपयोग नसेल तर कॉन्फिगरेशनमधल्या ‘इव्हेंट्स टू डिस्पॅच’च्या यादीतून ती वगळावी, तिच्यामागचे गार्डही थांबतात. गार्ड इव्हेंट मात्र अशी बंद करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

इतिहासाची नोंद कम्प्लीटेडवर हलवली. एंटर्डवर का नाही, यालाही ठोस कारण आहे. नव्या मागणीपत्राची स्थिती रिकामी असेल तर घटक पहिल्यांदा विचारणा होताच तिला सुरुवातीच्या जागेवर बसवतो आणि त्यासाठीही एंटर्ड सोडतो. त्या वेळी ट्रान्झिशन कुठलंच नसतं, ते नल असतं. एंटर्डच्या लिसनरने बेधडक ट्रान्झिशनचं नाव मागितलं तर नवीन मागणीचं पान उघडताच कोसळतं. कम्प्लीटेडला ही भानगड नाही, ती खऱ्या ट्रान्झिशननंतरच येते.

पुरवठादाराला गेलेले दोन आदेश

गार्डची चौकशी चालू असताना शेजारचा दोष सापडला. ‘आदेश’ झाल्यावर पुरवठादाराला खरेदी आदेशाचा ईमेल जायचा, आणि तो कम्प्लीटेडच्या लिसनरमधून तिथल्या तिथे पाठवला जायचा. फ्लश त्यानंतर, कंट्रोलरमध्ये.

खरेदी लिपिकाने बटण दोनदा दाबलं. दोन रिक्वेस्ट जवळजवळ एकाच वेळी निघाल्या. दोघींनी मागणीपत्र ‘मंजूर’ स्थितीत वाचलं, दोघींना गार्डने सोडलं, दोघींनी ईमेल पाठवला, दोघींनी फ्लश केला. डेटाबेसमध्ये एकच मागणीपत्र ‘आदेश दिला’ स्थितीत, आणि पुरवठादाराच्या हाती दोन आदेश. बटण काही मिनिटांनी पुन्हा दाबलं असतं तर स्थिती बदललेली असल्याने घटकानेच अडवलं असतं. एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्टना तो अडवू शकत नाही, कारण प्रत्येकीकडे स्वतःची जुनी प्रत असते.

दुरुस्तीला दोन भाग लागतात, एकाने भागत नाही. पहिला, मागणीपत्राच्या एंटिटीला डॉक्ट्रिनचा व्हर्जन रकाना. आता अपडेट करताना ‘आवृत्ती ४ असेल तरच’ अशी अट लागते. पहिली रिक्वेस्ट ४ ची ५ करते, दुसरीला जुळणारी ओळच मिळत नाही आणि ऑप्टिमिस्टिक लॉक एक्सेप्शन येतं. दुसरा भाग, ईमेल तिथल्या तिथे न पाठवता कम्प्लीटेडमध्ये फक्त एक मेसेज मेसेंजरला द्यायचा, ज्यात मागणीपत्राचा क्रमांक एवढंच असतं. मेसेंजरचा ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेसेज जिथे साठतात ती जागा, डॉक्ट्रिनचा ठेवायचा, त्याच डेटाबेस कनेक्शनवर, आणि अप्लाय ते फ्लश हे सगळं रॅपइनट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळायचं. मेसेज म्हणजे मग एका टेबलातली ओळ. स्थिती आणि मेसेज एकत्र कमिट (पक्के) होतात किंवा एकत्र रोलबॅक (रद्द) होतात. दुसऱ्या रिक्वेस्टचा मेसेज तिच्या स्थितीसकट नाहीसा होतो.

रेडिस किंवा रॅबिटएमक्यूसारखा ट्रान्सपोर्ट असता तर मेसेज ट्रान्झॅक्शनची वाट न पाहता लगेच निघाला असता. मेसेज उचलून काम करणारा वर्कर चपळ असेल तर कमिटच्या आधीच तो मागणीपत्र वाचायला जातो आणि त्याला जुनी स्थिती दिसते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. मेसेजचं टेबल मायग्रेशनने आधीच तयार ठेवावं. ते आपोआप तयार होण्यावर विसंबलात तर पहिलाच मेसेज ट्रान्झॅक्शनच्या आत टेबल नाही म्हणून आपटतो. आणि एक्सेप्शन आल्यावर डॉक्ट्रिनचा एंटिटी मॅनेजर बंद होतो. त्याच रिक्वेस्टमध्ये त्याच्याकडून आणखी काही लिहून घ्यायचा प्रयत्न करू नये. वापरकर्त्याला ‘हे मागणीपत्र इतक्यात बदललं आहे, पान पुन्हा उघडा’ असं सांगून थांबावं.

एवढं करूनही वर्करकडून दुबार ईमेल जाऊ शकतो. ईमेल गेला, पण ‘काम झालं’ अशी नोंद होण्याआधी वर्कर बंद पडला, तर डॉक्ट्रिन ट्रान्सपोर्ट तो मेसेज काही वेळाने पुन्हा देतो. ही मुदत मूळ सेटिंगमध्ये ३,६०० सेकंद असते. म्हणून ईमेल गेल्याची वेळ मागणीपत्रावर नोंदवून ठेवायची, आणि पाठवण्याआधी वर्करने ती वेळ आणि ‘आदेश दिला’ ही स्थिती दोन्ही पाहायचं. धोका पूर्ण जात नाही, ईमेल जाणं आणि वेळ नोंदली जाणं यांमधल्या क्षणापुरता उरतो. तेवढ्यासाठी आदेशावर ठळक क्रमांक छापावा, म्हणजे दुबार आला तरी पुरवठादाराला तो तोच आहे हे कळतं.

नकाराचा शेरा

नकार देताना कारण लिहिणं सक्तीचं होतं. शेरा अप्लायच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे सोबतच्या जादा माहितीत, दिला जायचा आणि तो रिकामा नाही ना, हे गार्डमध्ये तपासण्याचा बेत होता. तो जमत नाही. गार्डपर्यंत कॉन्टेक्स्ट पोहोचत नाही, आणि पोहोचावा अशी अपेक्षाही चुकीची, कारण बटण दाखवताना शेरा लिहिलेलाच नसतो. गार्डला विचारायचं ते ‘या माणसाला, या मागणीपत्रावर, हे करता येईल का’ एवढंच. शेरा फॉर्मच्या व्हॅलिडेशनमध्ये तपासावा. दुहेरी खात्री हवी तर ट्रान्झिशन या इव्हेंटवर लिसनर लावून कॉन्टेक्स्टमध्ये शेरा नसेल तर एक्सेप्शन फेकावं. तिथे स्थिती अजून बदललेली नसते.

लिसनरमधून दुसरं ट्रान्झिशन लागू करण्याचा मोहही इथेच होतो, उदाहरणार्थ छोट्या रकमेची मागणी मंजूर होताच आपोआप आदेश. ते एंटरमध्ये केलं तर मागणीपत्र अजून ‘लेखा विभागाकडे’च असतं, त्यामुळे ‘आदेश’ शक्य नसतो आणि अप्लाय एक्सेप्शन फेकतं. कम्प्लीटेडमध्ये केलं तर चालतं, पण इतिहासाचा लिसनर त्याच्या आधी चालेल अशी प्रायॉरिटी द्यावी लागते. नाहीतर इतिहासात आदेश आधी आणि मंजुरी नंतर दिसते, आणि लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

मागची दारं आणि जुन्या नोंदी

वर्कफ्लोच्या बाहेरून स्थिती बदलता येत असेल तर गार्ड कितीही चोख असून उपयोग नाही. प्रशासकाच्या संपादन फॉर्ममध्ये ‘स्थिती’ हा ड्रॉपडाउन होता. तो सरळ सेटर वापरतो, एकही इव्हेंट सुटत नाही. तो काढला. क्वेरी बिल्डरने केलेले सामूहिक अपडेटही तसेच बिनइव्हेंटचे असतात, त्यामुळे कोडमध्ये स्थितीच्या रकान्याचा नावाने शोध घेऊन प्रत्येक लिहिणारी जागा तपासावी लागली.

आता आधीच निसटलेल्या मंजुऱ्या. इतिहासातून अशा ओळी काढल्या जिथे मंजुरी देणाऱ्याकडे त्या दिवशी लेखाधिकाऱ्याची भूमिका नव्हती, किंवा तोच मागणी करणारा होता. भूमिका बदलत राहतात, म्हणून आजची भूमिका पाहून चालत नाही. भूमिकेतल्या बदलांची तारीखवार नोंद नसेल तर कार्यालयाचे आदेश घेऊन हाताने ताडावं लागतं.

ज्यांचा माल येऊन पडला आहे त्यांची स्थिती मागे नेण्यात अर्थ नाही. माल आला, बिल आलं, हे खरं आहे आणि नोंदीत तसंच दिसलं पाहिजे. त्यांच्यासाठी कार्योत्तर मंजुरीचा वेगळा रकाना केला: कोणी, कधी, कोणत्या टिपणीने. ज्यांचा आदेश अजून निघाला नव्हता त्यांच्यासाठी ‘मंजुरी रद्द’ हे नवं ट्रान्झिशन, मंजूरमधून परत लेखा विभागाकडे, फक्त लेखाधिकाऱ्यासाठी. ते कमांडने एकदम चालवता आलं असतं, पण कमांडमागे लॉग-इन केलेला माणूस नसतो. मग भूमिकेचा गार्ड एक तर अडवणार, नाहीतर त्यात ‘माणूस नसेल तर सोडा’ अशी फट ठेवावी लागणार. लेखाधिकाऱ्याने एकेक मागणीपत्र उघडलं, शेरा लिहिला, मंजुरी रद्द केली. प्रत्येक रद्द मंजुरीपुढे आता इतिहासात एकच ओळ आहे आणि तिच्यात त्यांचं नाव आहे.